चौथा गज

आम्ही चौघं दर रविवारी परभणीत सरांच्या घरी वाजवायला बसतो. सर दिलरुबा वाजवतात. मी, बँकेत नोकरीला असलेला माझा गुरुबंधू आणि पालमहून एसटीनं येणारी आमच्यातली सगळ्यात धाकटी, असे आम्ही तिघं व्हायोलिनवर. चारही वाद्यं तारांवर गज फिरवून वाजवायची, म्हणून गल्लीत आम्हाला चार गजवाले म्हणतात. रागदारी सोडून दुसरं वाजवायचं नाही असा नियम कुणी केला नव्हता, पण आम्ही तो वर्षानुवर्षं पाळला.

मग गुरुबंधूला मोबाइलवर जॅझ सापडलं. सिनेमातली गाणी त्या पद्धतीनं वाजवून बघू, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवायची, मग एकेकानं ती आपल्या मनानं फुलवायची, शेवटी पुन्हा एकत्र यायचं, असं त्यानं समजावलं. यात नवीन काय आहे, असं सर म्हणाले. मला मात्र घाम फुटला. आमची बोटं एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायला टपलेली आणि इथं सूर तुटक हवेत. सुरुवातीला आम्ही जे वाजवलं त्याला जॅझ म्हणणं म्हणजे जॅझची बदनामी. जमलं ते आधी धाकटीला. तिचा तुकडा आला की सरसुद्धा हात थांबवून ऐकायचे.

तेवढ्यात मानवतच्या एका रिसेप्शनची सुपारी आली. नवरा-नवरी स्टेजकडे चालत येताना एक गाणं या नव्या पद्धतीनं वाजवायचं, एवढंच काम. धाकटीचं मात्र सगळं त्यावर होतं. सासरी मेंढरं, शेती, दोन लहान मुलं. तिचा रविवार जातो म्हणून घरात कुरबुर सुरू झाली होती. त्या लग्नाचं आमंत्रण तिच्या सासऱ्यांनाही होतं. मी बघतो, मग हे पुढं चालवायचं का बंद करायचं ते ठरवू, असं ते तिला म्हणाले होते. तिनं हे सांगितलं तेव्हा आम्ही ते गाणं पुन्हा पहिल्यापासून घोटायला घेतलं.

आणि तिथं आम्ही माती खाल्ली. गाण्याआधी नुसता सूर दाखवायचा म्हणून सरांनी आलाप धरला. थांबताना त्यांनी माझ्याकडे बघितलं. गुरूनं असं बघितलं की शिष्यानं तो आलाप पुढं न्यायचा, ही आमच्याकडची रीत. मी नेला. माझ्यानंतर वयानं गुरुबंधू, तो तर सुटलाच. राग असा रंगला की गाणं राहिलंय हे कुणाच्या ध्यानातच नाही. नवरा-नवरी दारात ताटकळलेले, मशीन धूर सोडतंय, कॅमेरावाला हातवारे करतोय. अखेर गुरुबंधूनं धाकटीकडे मान वळवली, आणि त्याच क्षणी डीजेवाल्यानं आपलं गाणं लावलं. जोडपं नाचत आत आलं. धाकटी गज उचलून तशीच बसून राहिली.

जेवणं चालू असताना सासरे आम्हाला शोधत आले. चूक माझी, आलाप लांबला, असं सर आधीच म्हणून मोकळे झाले. सासऱ्यांना आलापाशी काही देणंघेणं नव्हतं.

"चौघं बसले व्हते, तिघांचं आयकलं," ते म्हणाले. "आमच्या सूनबाईला वाजवू द्यायचं नसंल तर दर ऐतवारी बोलवायलाव कशाला?"

आमच्यात मोठ्यांनी आधी वाजवायचं असतं, असं सरांनी सांगून पाहिलं. मला ते ऐकताना लाज वाटली. प्रत्येकाला वाटा मिळतो म्हणून तर आम्ही जॅझवर भाळलो होतो, आणि बसलो मात्र आमच्याच उतरंडीत. ती बिचारी आमच्या भरवशावर आली होती.

धाकटी ताटाकडे बघत होती. पुढच्या ऐतवारी जाऊ का, असं तिनं हळूच विचारलं.

"जा," सासरे म्हणाले. "पन पयलं तू वाजीव."

त्या रविवारी सरांनी आम्हा दोघांकडे बघितलं नाही. दिलरुबा मांडीवर आडवा ठेवून ते धाकटीला म्हणाले, कर सुरू. तिनं गज उचलला आणि थांबली. सरांच्या आधी वाजवायची तिला सवयच नव्हती. मग तिनं चाल धरली. तिच्या पाठोपाठ आम्ही तिघांनी सुरू करायचं ठरलं होतं. आम्ही ऐकतच बसलो.