पांढऱ्या जागेतला एकटा चेहरा

परतूरला माझं बॅनरचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, जयंती, निवड झाल्याबद्दल अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली, सगळं करतो. गिऱ्हाईक कुठलंही असो, सांगणं एकच: जागा मोकळी सोडू नको. वर साहेब, मधे भाऊ, खाली शुभेच्छुकांची रांग. तरी कोपऱ्यात बोटभर जागा दिसली की, "इथं आमच्या मेव्हण्याला बसव ना." डोकं फिरतं, पण बसवतो. आमच्याकडं मोकळ्या जागेत एकटा चेहरा दिसला, की तो माणूस गेलेला असतो. हे कोणी ठरवलेलं नाही, पण शेंबडं पोरसुद्धा अक्षरं वाचायच्या आधी हे ओळखतं.

म्हणून मावशीनं कव्हर कसं पाहिजे ते सांगितलं तेव्हा मी चिडलोच.

मावशी म्हणजे आमच्या गल्लीतली भीमगीतं गाणारी बाई. नात्यानं कोणी नाही, पण कळायला लागल्यापासून मावशीच. जयंती कुठल्याही गावची असो, भोंग्यातून तिचा आवाज शिवारभर जायचा. मागच्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावंच लागेल, पण आवाजाची खात्री नाही, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा लेकीनं तिला जालन्याच्या स्टुडिओत नेलं आणि काही गाणी रेकॉर्ड करून घेतली. मग ऑपरेशन झालं. मावशी वाचली, आवाज गेला. आता नुसती कुजबुज, तीही कान जवळ नेला तर. गाणी ऑनलाइन टाकायची होती, त्याला कव्हर पाहिजे होतं, म्हणून मायलेकी दुकानात आल्या.

मावशी माझ्या कानाशी वाकली. "माझ्या एकटीचा फोटू टाक. बाकी समदं पांढरं. कुणी नको."

"मावशी, बिलकुल श्रद्धांजली दिसंल ते! निदान फुलांची बॉर्डर तरी घेऊ दे."

"न्हाई. जल्मभर फ्लेक्सवर खाली कोपऱ्यात बसले. गाणार मी, अन् वर फोटू मंडप देणाऱ्याचा. एक डाव मला एकटीला राहू दे. लोकं माझं गाणं म्हणून ऐकतील."

शेवटी केलं. लेकीनं स्टुडिओत काढलेला फोटो होता. सूर लावायच्या आधी मावशी डोळे मिटायची, तेव्हाचा. पांढऱ्याफटक जागेत तो ठेवला, खाली बारीक अक्षरात नाव. काम झकास झालं होतं.

लेकीनं सकाळी कव्हर स्टेटसला ठेवलं, खाली गाण्याची लिंक दिली. दुपारच्या आत तीर्थपुरीहून जीप भरून पाहुणे आले. रडणं गल्लीच्या तोंडापासूनच सुरू झालं. दुकान तसंच टाकून पळालो.

मावशी दारात मेथी निवडत बसली होती. ऊर बडवत आलेली तिची थोरली बहीण तिथंच थबकली. मग मेथीच्या ताटासकट तिनं मावशीला कवटाळलं. मग शिव्या. कोणी केलं हे, असं विचारल्यावर लेकीनं माझ्याकडं बोट दाखवलं.

"मुडद्या! जित्या माणसाचं असं करत असतेत का रं?"

लोक हसायला लागले. कोणीतरी चहा टाकला. मीही हसलो.

चहा पिताना मावशी बहिणीच्या कानाशी काहीतरी बोलली. बहिणीला नीट ऐकू येईना. लेक म्हणाली, "आई विचारून राह्यली, गाणं ऐकलं का?"

कोणीच ऐकलं नव्हतं.

"अगं, फोटू पाह्यला अन् हातपायच गळाले. गाणं कुणाला सुचतंय?"

खाली मान घालून मावशी पुन्हा मेथी निवडायला लागली. मला त्या सगळ्यांचा असा राग आला! मयतीला जीप भरून आल्ते, अन् गाण्यावर एक बोट ठेवायला यांना जड झालं. मी फोन काढला आणि गाणं लावलं.

काय आवाज होता तो. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधूनही अंगणभर झाला. हातातल्या कपांवर साय धरली. बहिणीनं आधी फोनकडं पाहिलं, मग मावशीच्या गळ्यावरच्या टाक्यांच्या व्रणाकडं. आणि तिला रडू फुटलं. मघासारखं ऊर बडवून नाही. पदर तोंडात धरून, मुकाट्यानं.

मला बघवेना. मी फोन बंद करायला गेलो, तर मावशीनं माझं मनगट धरलं.

"असू दे," ती कानाशी म्हणाली. "आता बराबर रडून राह्यली ती."