वरच्या मजल्यावरची प्रयोगशाळा

स्पिरिटच्या दिव्याचा वास आला की कळंबजवळच्या आमच्या कॉलेजातला अकरावीचा एक प्रवेश आठवतो. कुबडी भिंतीला टेकवून ती मुलगी अर्ज घेऊन उभी होती, शेजारी पेरणी सोडून आलेले वडील, पायांना काळी माती तशीच. “प्रयोगशाळा वर आहे, जिने चढून थकशील,” म्हणत मीच, विज्ञानाच्या मास्तरानं, तिच्या अर्जावरचं ‘विज्ञान’ खोडून ‘कला’ लिहिलं. “मले जिना चढता येते, सर,” ती हळूच म्हणाली. वडिलांनी मात्र मला हात जोडले. पुढे दोन वर्षं मधल्या सुट्टीत ती जिना चढून प्रयोगशाळेच्या दाराशी उभी राहायची आणि मी तिला खाली पाठवायचो. यंदा माझे गुडघे गेले, तर चार दिवसांत प्रयोगशाळाच खाली आली.