आईचं पाच नंबरचं स्टेशन

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुणी न विचारता सांगते, आणि सिंगापूरला आल्यावरही ती सवय गेलेली नाही.

आई दोन महिन्यांसाठी आमच्याकडे पुंगोलला आली. आम्ही नवराबायको ऑफिसात, लेक बालवाडीत. चौथ्याच दिवशी आई म्हणाली, फ्लॅटच्या भिंती बघून कंटाळले, परतीचं तिकीट काढ. मग ठरलं, दुपारी नातीला तीच आणेल. तेवढं जमलं तर राहीन म्हणाली.

आमच्याकडची एलआरटी म्हणजे बिनड्रायव्हरची छोटी गाडी, वसाहतीत दोन्ही दिशांनी गोल फिरते. आई चौथी शिकलेली, इंग्रजी येत नाही. मी तिला दोनदा सोबत नेलं आणि पक्कं पढवलं: मोजायचं, तिसऱ्या स्टेशनला उतरायचं.

पहिल्यांदा एकटी निघाली त्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, वन-नॉर्थच्या ऑफिसातून फोन केला. उचलेना. बालवाडीत विचारलं, तर आजी अजून आल्या नाहीत म्हणे. मीटिंग टाकून धावत निघाले. एमआरटीत, म्हणजे मेट्रोत चढते तोवर बालवाडीचाच फोन आला: आजी आल्या, नातीला घेऊन गेल्या.

घरी पोचले तर दोघी वरणभात खात होत्या. आईचा फोन घरीच चार्जिंगला राहिलेला. आईने सांगितलं, आधी आली त्या गाडीत बसले, ती उलटी जाणारी निघाली. तिसऱ्याला उतरले, तर शाळाच नाही.

"मग गं?"

"मग काय, तिथे भिंतीवर सात लिहिलेला. शाळेपाशी पाच असतो. पुढच्या गाडीत बसले. सहा आला, मग पाच. उतरले."

"तुला हे आकडे येतात?"

"मोबाइलवर नंबर काय शेजारीण लावून देते? तू मोज म्हणालीस, म्हणून मोजत बसले. म्हटलं, एवढी शिकलेली पोर सांगतेय."

लोकांना वापरायला सोपं जाईल असं सॉफ्टवेअर बनवायचा मी पगार घेते. भात वाढून घेतला.

तिकिटाचा विषय पुन्हा निघाला नाही. आता दोघी घरी वेळेवर येत नाहीत, एवढंच. ड्रायव्हर नसल्यामुळे पुढच्या काचेशी उभं राहता येतं. काल मी घरून काम करत होते, ताटं वाढून आईला फोन केला. उचलला लेकीने, इथल्या पोरांसारखा शेवटी 'ला' लावून म्हणाली, "वन मोअर राउंड ला."

मागून आईचा आवाज आला, "तिला म्हणावं, तू जेवून घे."