बंद दारासमोरची मिस्सा

पत्र वाचून झालं तेव्हा मी चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो होतो. मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, अजून संपायची होती, पण मी उठून बाहेर गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच असं केलं. पत्र नागपूरच्या बिशपांचं होतं. आमचे फादर व्हॅलेरियन यांचे गुडघे आणि डोळे दोन्ही थकले होते, त्यांना आता वृद्ध धर्मगुरूंच्या निवासात जायचं होतं. त्यांच्या जागी आम्हाला वेगळे फादर मिळणार नव्हते. वडनेरजवळची आमची छोटी पॅरिश, म्हणजे आमच्या चर्चची मंडळी, जाम गावच्या मोठ्या पॅरिशमध्ये विलीन होणार होती. तीन चर्च मिळून एकच फादर, आणि आमच्याकडे मिस्सा महिन्यातून एकदा. फादरांनी ते पत्र स्वतःच वाचून दाखवलं. वाचताना त्यांनी दोनदा चष्मा पुसला. मी बाहेर कडुलिंबाखाली उभा होतो आणि मनात देवाला म्हणत होतो, तुलाही आम्ही जड झालो का?

माझी सगळी नोकरी एसटीत ड्रायव्हर म्हणून गेली. पण ज्या रविवारी सुट्टी मिळाली त्या रविवारी चर्चची घंटा मीच वाजवली, आणि निवृत्त झाल्यावर तर चर्चची चावी माझ्याकडेच असायची. आमची घरं मोजकी. सगळे शेतीतले, मजुरीतले, एखादा मास्तर. त्या विटांच्या भिंती आमच्या बापांनी स्वतः उचलल्या होत्या. माझं लग्न तिथं झालं, दोन्ही मुलांचे बाप्तिस्मे तिथं झाले, आईबाप मागच्या आवारात झोपलेले आहेत. आता कोणीतरी नागपूरला बसून ठरवणार की ही पॅरिश नाही, हे मला सहन होईना.

मी लढायचं ठरवलं. घरोघर जाऊन सह्या आणि अंगठे घेतले. दोघातिघांना घेऊन नागपूरला गेलो. बिशपांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग ते एवढंच म्हणाले, "मला एक माणूस दाखवा, मी उद्या पाठवतो. माझ्याकडे माणूसच नाही."  आम्ही चहा संपवून परतीची गाडी धरली. पण हट्ट गेला नव्हता. उलट तो आणखी कडक झाला.

नवे फादर अमृत. वय जेमतेम पस्तीस, झारखंडच्या एका आदिवासी गावातले, सडपातळ, मोटरसायकलवर फिरणारे. आमच्याकडची पहिली मिस्सा घ्यायला ते रविवारी सकाळी आले. लोक आवारात जमले होते, दाराला कुलूप होतं. त्यांनी मला विचारलं आणि मी सांगितलं, चावी सापडत नाही. सत्तरीला टेकलेला माणूस, मिस्सेच्या दिवशी, चर्चच्या पायरीवर उभा राहून फादरांशी खोटं बोलला. चावी माझ्या बंडीच्या आतल्या खिशात होती.

ते रागावले नाहीत. "ठीक है काका," ते म्हणाले, "मिल गई तो बता देना." मग त्यांनी शेजारच्या घरातून एक टेबल मागून आणलं, त्यावर पांढरं कापड अंथरलं आणि बंद दारासमोर, कडुलिंबाखाली, मिस्सा सुरू केली.

मी घरी निघून आलो. माझी बायको मार्था मात्र चटई काखेत घेऊन निघाली. दारात थांबून म्हणाली, "चावी कुठं आहे ते मले माईत आहे. मी कोणाले सांगणार नाई. पण मी मिस्सेले जाऊन राह्यली." घर चर्चपासून शंभर पावलांवर. आतल्या खोलीत बसूनही मला सगळं ऐकू येत होतं. गाणी ऐकू आली, आणि नेहमीसारखा मार्थाचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू आला. ख्रिस्तप्रसादाची पवित्र भाकर वाटायच्या वेळी शांतता झाली, ती सगळ्यात जास्त ऐकू आली.

पुढचे दोन महिने असंच चाललं. फादर यायचे, टेबल मागायचे, झाडाखाली मिस्सा करायचे, आणि चावीबद्दल अवाक्षर काढायचे नाहीत. बाकीच्या रविवारी जामकडे जायचं होतं, पण आमच्याकडचं कोणी गेलं नाही. मला वाटायचं, मी जिंकत आहे.

मग एके दिवशी सकाळी मार्था अंगणात भांडी घासताना एका अंगावर कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात हलेना, बोलता येईना. शेजाऱ्याच्या गाडीतून तिला सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्ताची गुठळी आहे, दोन दिवस काही सांगता येणार नाही. मोठा मुलगा सुरतला, धाकटी मुलगी हैदराबादला, दोघंही निघाले होते. तोवर मी एकटा. तिची जपमाळ मी तिच्या डाव्या मनगटाला गुंडाळली, कारण घरून निघताना तीच तेवढी हाताला लागली होती. पण मला प्रार्थना करता येईना. तोंड उघडलं की कडुलिंबाखालचं ते टेबल समोर यायचं. कोणत्या तोंडानं मागायचं? दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनात स्पष्ट म्हणालो, मी तुझं दार लावलं, आता तू माझं लावलंस. फिटलं. यापुढं मी काही मागणार नाही.

त्यानंतर थोड्याच वेळात एक बाई डबा घेऊन सरळ आमच्या खाटेपाशी आली. पन्नाशीची, ठेंगणी, डोक्यावर पदर, चालून चालून दमलेली. खाटेवर मार्थाला पाहून ती गोंधळली.

"इथं माही नणंद होती," ती म्हणाली. "सतरा नंबर हाच ना?"

नर्सनं सांगितलं की त्या बाईंना काल संध्याकाळीच घरी सोडलं. कोणी हिला कळवलंच नव्हतं. ती हसली, स्वतःच्या कपाळावर हात मारला, आणि जायला वळली. तेवढ्यात तिला मार्थाच्या मनगटावरची जपमाळ दिसली. ती थांबली. मग खाटेच्या कडेला बसली आणि मला म्हणाली, "दादा, जेवले का?"

मी आदल्या दिवसापासून काही खाल्लं नव्हतं. तसं सांगितलं नाही, पण तिला ते दिसलं असावं. "आता आणलंच आहे तं खाऊन घ्या," म्हणत तिनं डबा उघडला. पोळ्या, वांग्याची भाजी, लोणच्याची फोड. मी खात होतो तेव्हा ती मार्थाचा हात धरून हळू आवाजात 'नमो मारिया' ही जपमाळेची प्रार्थना म्हणू लागली. मला जे दोन दिवस जमलं नव्हतं ते एक अनोळखी बाई माझ्या बायकोसाठी करत होती.

तिचं नाव लीलाबाई. जामच्या चौकात तिचं चहा-नाश्त्याचं हॉटेल. जप झाल्यावर तिनं विचारलं, "कोणत्या पॅरिशचे तुम्ही?" मी वडनेरकडचा म्हणालो तशी ती खुलली.

"म्हणजे आता आपली एकच पॅरिश! पण तुमच्याकडचं कोणीच येत नाई. आमच्यातले बी काही कमी नाई हो. म्हणत होते, ते लोक काऊन येऊन राह्यले, आपल्यालेच बसाले जागा नाई. मी बी म्हटलं होतं, खोटं काऊन बोलू." मग आवाज खाली आणून म्हणाली, "आन् तुमच्या तिकडं कोणी एक बुढा आहे म्हणे, चर्चची चावी लपवून बसला. फादर बिचारे झाडाखाली मिस्सा करतेत."

घास माझ्या हातात राहिला. खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. "तो मीच," मी म्हणालो.

 मग तिनं खाटेवरच्या मार्थाकडे पाहिलं. डब्यातल्या उरलेल्या दोन पोळ्या काढून तिनं माझ्या ताटलीत ठेवल्या. "खाऊन घ्या पूर्ण," ती म्हणाली. "रडा मंग. पण आधी खा."

मी खरंच रडलो. वॉर्डातली माणसं पाहत होती, तरी रडलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी फादर अमृत आले. लीलाबाईनंच त्यांना सांगितलं होतं. भर उन्हातून मोटरसायकलवर आलेले, भुवयांवर धूळ. त्यांनी हात धुतले, स्टोल, म्हणजे धर्मविधीचा पट्टा, गळ्यात घातला आणि मार्थाच्या कपाळाला आणि तळव्यांना पवित्र तेल लावून आजाऱ्यांची प्रार्थना म्हटली. मार्थाचे डोळे उघडे होते. तिनं त्यांना ओळखलं, हे मी खात्रीनं सांगतो, कारण तिनं डाव्या हातानं त्यांचं बोट धरलं.

प्रार्थना झाल्यावर मी बंडीच्या खिशातून चावी काढून त्यांच्यापुढं धरली. सांगायचं पुष्कळ होतं, पण एवढंच तोंडातून निघालं, "फादर, ही शिक्षा देवानं मला द्यायची होती. तिला काऊन दिली?"

त्यांनी मान हलवली. "काका, देव ऐसा नहीं करता," ते म्हणाले, आणि मग त्यांच्या अडखळत्या मराठीत, "माझा बाप पण असाच आजारी पडला होता. तो चांगला माणूस होता. शिक्षा नव्हती ती." चावी त्यांनी घेतली नाही. माझी मूठ मिटवून दिली. "खोलना तो आपको ही है."

मार्था वाचली. सगळी बरी झाली असं नाही. उजवा पाय ओढत चालते, शब्द सापडायला वेळ लागतो, आणि गाण्यातला तो वरचा आवाज गेला. मुलगा-मुलगी आले, राहिले, परत कामाला गेले. तिला घरी आणलं त्याच आठवड्यात मी चर्च उघडलं, आत झाडलं, बाकं पुसली. रविवारी फादर आले तेव्हा दारातच उभा राहून मी सगळ्यांसमोर सांगितलं की चावी हरवली नव्हती.  मागून एक म्हातारी म्हणाली, "आमाले माईतच होतं," आणि लोक हसले. त्या हसण्यानं मला जेवढं हलकं वाटलं तेवढं ते माझ्यावर रागावले असते तर वाटलं नसतं.

आता माझा हट्ट दुसऱ्या कामाला लावायचा होता. पॅरिश एक झाली आहे ना, मग ती खरोखर एक झाली पाहिजे. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना जामकडे पोचायची सोय नव्हती. मी ओळखीच्या एकाची काळीपिवळी जीप रविवारपुरती मागून घेतली आणि पुन्हा स्टिअरिंग धरलं. पहिल्या रविवारी पाच जण आले, तिथल्या बाकांवर कोपऱ्यात अंग चोरून बसले. लीलाबाई पुढच्या बाकावरून उठली, आमच्यामध्ये येऊन बसली. पुढच्या वेळी जीप भरली. भांडणंही झाली. त्यांच्याकडे कीबोर्ड, आमच्याकडे पेटी. त्यांचा गायकवृंद म्हणे, आमची गाणी फार संथ. दोन महिने त्यावरून धुसफूस चालली. नाताळात दोन्ही वाद्यं एकदम वाजली आणि सूर काही जुळले नाहीत, पण सगळे गायले.

मग एके दिवशी फादर म्हणाले, "काका, तीन चर्च आणि मी एक. ज्या रविवारी मी येणार नाही त्या दिवशी तुमच्याकडे प्रार्थना तुम्ही घ्या. आजाऱ्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद तुम्ही न्या. बिशपांची परवानगी मी आणतो." मी घाबरलो. मी दहावी नापास माणूस. आणि ज्यानं तुमच्या तोंडावर दार बंद केलं त्याच्याच हातात तुम्ही हे देता? असं मी विचारलंही. ते म्हणाले, "दार की कीमत आपको मालूम है."

मार्थानं ऐकलं तेव्हा बराच वेळ शब्द शोधत राहिली. शेवटी म्हणाली, "करा. मी... ऐकीन." मग मी मागे हटलो नाही. तीन महिने दर शनिवारी जामकडे शिकायला गेलो. आम्ही पाच जण, त्यात लीलाबाईही. वाचन कसं करायचं, ख्रिस्तप्रसाद कसा न्यायचा, घरात गेल्यावर काय म्हणायचं. आयुष्यभर रस्त्याच्या पाट्या वाचल्या, आता या वयात शुभवर्तमान मोठ्यानं वाचायचा सराव गोठ्यात म्हशीसमोर केला. हसू नका, तिच्याइतकं शांतपणे कोणी ऐकत नाही.

पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेऊन मी दाऊदबाबांच्या घरी गेलो. नव्वदीचे, वर्षभरापासून खाटेला. छोटी डबी छातीशी धरून मी चालत होतो. रस्त्यात कोणी नमस्कार केला तरी बोललो नाही, तसं शिकवलं होतं. इतकी वर्षं माणसं भरून गाड्या चालवल्या, पण इतकं जपून मी कधीच काही नेलं नव्हतं.

बाबांनी डोळे बारीक करून पाहिलं. "फादर नाई आले?"

"नाई बाबा. मीच आलो."

"तू?" ते छताकडे पाहत राहिले. मला वाटलं, नको म्हणतील. आणि म्हणाले असते तर मला राग आला नसता. मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. "हात धुतले का?"

"धुतले."

"मंग दे," म्हणाले, आणि तोंड उघडलं.

घरी येऊन मी अंगणात बसलो आणि उशिरापर्यंत गुडघ्यांवर ठेवलेल्या हातांकडे नुसता पाहत राहिलो. देवाची इच्छा पूर्ण होवो असं मी लहानपणापासून रोज म्हणत आलो, पण मनात नेहमी माझीच इच्छा धरून म्हणत आलो. ती लीलाबाई त्या दुपारी दुसऱ्या कोणासाठी निघाली होती आणि माझ्या खाटेपाशी का पोचली, ते मी कोणाला पटवून देत बसत नाही. माझ्यापुरतं मला माहीत आहे. मी मागणार नाही म्हणालो, आणि देणाऱ्यानं माझ्या मागण्याची वाट पाहिली नाही. आता अंगात ताकद आहे तोवर जीपही चालवीन आणि डबीही नेईन. उद्या तो म्हणाला की हेही सोड, तर सोडायचं बळ त्यानंच द्यावं, एवढीच माझी प्रार्थना. आणि त्या सतरा नंबरच्या खाटेवरून जिला त्यानं मला परत दिलं, ती आत्ता आतून मला जेवायला बोलावते आहे. शब्द सापडत नाही म्हणून ताटलीवर चमचा वाजवते आहे. प्रभू, तुझे उपकार. मी उठतो.