बारा, बारा-क, बारा-ख

धनलक्ष्मीच्या पायाला भिंगरीच बांधलेली. भवानी पेठेतल्या मेंढीपालन संस्थेत ती कॉम्प्युटरवर बसते. बसते असं आपलं म्हणायचं. दर दहा मिनिटांनी उठून खिडकीशी जाते, कुणाला तरी फोन लावते, परत येते.

त्या मंगळवारी डबा खाता खाता तिला एकदम आठवलं. सकाळी मॅनेजर शिवयोगींनी घाई केली, म्हणून तिने रोगी मेंढ्यांची यादी न वाचताच अक्कलकोटपुढच्या मैंदर्गीच्या शेडवर पाठवली होती. रक्ततपासणीत रोगी निघाली होती एकच, बारा नंबरची. यादी उघडून पाहते तो एकाऐवजी तीन नंबर: बारा, बारा-क, बारा-ख.

क आणि ख ही बाराचीच कोकरं, चांगली ठणठणीत. कोकराच्या कानातल्या बिल्ल्यावर आईचाच नंबर घालायचा आणि पुढे अक्षर जोडायचं, ही शेडवरच्या बिरप्पाची रीत. त्या अक्षरांपायी सगळे नंबर मशिनमध्ये मजकूर म्हणून ठेवलेले. धनलक्ष्मीने मात्र यादी काढायला घाईत मशिनला बारा विचारताना त्याभोवती अवतरणचिन्हं दिली नाहीत; ती असली तरच मशिन बाराला मजकूर समजतं. मशिनने आपलं डोकं चालवलं: विचारलाय आकडा, तर मजकुराचाही आकडा करून टाकू. बारा-क मधले बारा घेतले, क सोडून दिला. एवढं शहाणपण कुणी सांगितलं होतं मेल्याला?

रोगी जनावरं न्यायला चारला टेम्पो यायचा होता, आणि त्यातून गेलेलं जनावर परत येत नसे. बिरप्पाचा फोन लागेना. तिने स्कूटी काढली. अक्कलकोट येईपर्यंत चार वेळा थांबून फोन लावला, आणि उरलेला रस्ता स्वतःला शिव्या घालण्यात गेला.

पोचली तेव्हा टेम्पोचं फाळकं लागत होतं.

“बिरप्पामामा, कोकरं उतरवा. माझी चूक झाली. फक्त आईच न्यायचीय.”

“मी म्हनलोच की, ह्यांना काय झालेलं न्हाय,” बिरप्पा म्हणाला. “पन कागद तुमचा.”

कोकरं उतरवली, टेम्पो सुरू झाला. आत मेंढी ओरडायला लागली तशी दोन्ही कोकरं मागे पळत सुटली. एक बिरप्पाने धरलं, दुसरं धनलक्ष्मीने. तिच्या हातांत ते नुसतं धडपडत होतं.

“आता बरोबर झालं न्हवं, मॅडम?” बिरप्पाने विचारलं.

“झालं,” ती म्हणाली, आणि तिला रडू आवरेना.