मास्तरांची चुकामूक

गणवेश शिवणाऱ्या मास्तरांचा कधी कशात घोळ झाला, असं कुणी पाहिलं नव्हतं. तीन शाळांची पोरं त्यांनी बेतलेल्या कपड्यांत वाढली. गळ्यात टेप, कानावर खडू आणि मागे काज-बटणाला बायको, अशी एकतीस वर्षं गेली. गिऱ्हाइकं तिला मास्तरीणबाई म्हणत. मास्तर मात्र तिला 'अगं' म्हणत, त्यापुढे काही लागलंच नाही.

सायकलवरून आठ दिवस गावोगाव हिंडायची ही सुट्टी लेकीच्या डोक्यातली. जावयाने दोन जुन्या सायकली तेलपाणी करून दिल्या. मास्तरांनी वहीत सगळं आखून घेतलं: कुठे चहा, कुठे जेवण, कुठे मुक्काम. ते पुढे, बाई मागे. सात दिवस कसे सुतासारखे सरळ गेले.

शेवटच्या दिवशी स्टेशन तेवढं गाठायचं होतं. गाडी साडेतीनची. सकाळी नऊला मास्तरांची चेन पडली आणि चक्रात अशी रुतली की निघता निघेना.

"अहो, मी होते हळूहळू पुढे," बाई म्हणाल्या.

"फाट्यावर थांब. तिथून उजवीकडे वळायचंय."

"बरं."

अर्ध्या तासाने काळेकुट्ट हात गवताला पुसत मास्तर फाट्यावर पोचले, तर तिथे चिटपाखरू नाही. दोघांत मिळून फोन एकच, तोही मास्तरांच्याच खिशात. कोपऱ्यावर पिठाची गिरणी होती. गिरणीवाला भुवयांपर्यंत पांढरा झालेला.

"सायकलवर एक बाई गेल्या का इथून?"

"गेल्या की. उजवीकडे."

मास्तरांना हायसं वाटलं. पण दोन मैलांवर कपडे वाळत घालणारी एक बाई म्हणाली, "इथं कुणी आलं नाही बाई. सकाळपासून मी दारातच आहे." मास्तर आल्या पावली परतले.

"उजवीकडेच गेल्या होत्या," गिरणीवाला शांतपणे म्हणाला. "मग परत आल्या, पाणी प्यायल्या, आणि डावीकडे गेल्या."

"अहो, मग मघाशी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गेल्या का विचारलंत. परत आल्या का, ते कुठे विचारलंत?"

"काही बोलल्या?"

"तळं किती लांब आहे, म्हणाल्या."

तळं? वहीत तळं नव्हतं. हिला तळ्याशी काय काम? चक्कर आली असेल, तोंड धुवायचं असेल, की कुणी भलतंच सांगितलं? मास्तर डावीकडे सुटले. पुढे रस्त्याच्या तीन पाऊलवाटा झाल्या. त्यांनी सायकल आडवी टाकली आणि पोटातून हाक मारली, "अगं!"

शेतातून दोन अनोळखी बायकांनी वळून पाहिलं.

मास्तर ओशाळले. त्यांनी एक वाट धरली, ती एका गोठ्यात संपली. दुसरी फिरून पहिल्याच जागी आली. तिसरीवर काटे होते. एक वाजून गेला तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती स्टेशनवर गेली असेल, असं स्वतःला बजावत त्यांनी पॅडल मारायला सुरुवात केली. नसेल तर काय, हा विचार ते दर वळणावर मागे टाकत होते, आणि तो दर वळणावर पुढे उभा.

स्टेशनवर ती नव्हती. मास्तर फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सायकल ढकलत राहिले. तीन वाजून दहा मिनिटांनी बाई आल्या. केस ओले, गाल लाल. मास्तरांच्या नजरेला आधी दिसलं ते भलतंच: अंगातला सदरा उलटा होता, शिलाई बाहेर.

"पाण्यात पडलीस?"

"पडले नाही. पोहले."

"तुला पोहता येतं?"

"येतं की. आठव्या वर्षापासून."

"मला कधी बोलली नाहीस!"

"विषय कुठे निघाला?"

मास्तरांना रागवायचं तर खूप होतं, पण सुरुवात कुठून करायची ते सुचेना. "मी तुला शोधत होतो," ते एवढंच म्हणाले.

बाईंचा चेहरा उतरला. "चुकलंच माझं. घटकाभर म्हणून उतरले. फाट्यावर उजवीकडे वळलेही होते हो. पण गिरणीवाल्याच्या दारातून लांब पाणी चमकताना दिसलं होतं, आणि मग पाय काही पुढे जाईनात."

गाडी आली. सायकली सामानाच्या डब्यात चढवून दोघं खिडकीशी समोरासमोर बसली. बराच वेळ मास्तर तिच्याकडे चोरून पाहत होते. शेवटी न राहवून त्यांनी विचारलं, "अजून काय काय येतं तुला?"

बाईंनी खरंच आठवून पाहिलं. मग दोन बोटं तोंडात घालून अशी सणसणीत शिट्टी मारली की अख्खा डबा दचकला. पलीकडच्या बाकावरचे म्हातारे गृहस्थ खूश होऊन म्हणाले, "पुन्हा एकदा होऊन जाऊ द्या!" बाईंनी पुन्हा मारली.

हसावं की डब्यातल्या लोकांची माफी मागावी, हे मास्तरांना कळेना. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं, मग पुन्हा बायकोकडे.

"सदरा उलटा आहे तुझा," ते हळूच म्हणाले.

"असू दे," बाई म्हणाल्या.