मोहाखालची हिरवी चटई

मी एका नामांकित विद्यापीठात नोकरीला आहे. हे मला स्वतःहून कोणाला सांगावं लागत नाही. आमच्या तालुक्यात ते माझ्या आधी पोचलेलं असतं. एसटीत कोणी विचारलं, "बाई, तुम्ही कुठी असता?" आणि मी विद्यापीठाचं नाव घेतलं, की सरकून खिडकीची जागा मिळते. घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. त्याचा मला गर्व आहे, आणि तो मी विनयाच्या पदराखाली झाकत नाही.

फायदे भरपूर आहेत. हवं ते पुस्तक मिळतं. खोलीत एसी आहे. गळ्यातलं ओळखपत्र पाहून वननाक्यावरचा माणूस 'मॅडम' म्हणतो. याच नाक्यावर माझ्या बापाला सरपणाच्या मोळीपायी उन्हात बसवून ठेवायचे. तोटे त्या मानानं कमी, पण रोजचे. विद्यापीठाचं नाव कायमचं असतं, नोकरी मात्र वर्षावर्षाची. दर मार्चात नवी ऑर्डर निघेपर्यंत साहेबांच्या चेहऱ्याकडे पाहत दिवस काढायचे. शिवाय आमच्या गडचिरोलीच्या केंद्रात मी प्राध्यापक कमी आणि 'तळागाळ' जास्त आहे. बैठकीत हा शब्द निघाला की सगळे कप खाली ठेवून माझ्याकडे बघतात.

एका मार्चात केंद्राच्या प्रमुख सरांनी ठरवलं, की दिल्लीच्या पाहुण्यांसाठी लोकसंवाद माझ्याच गावात घ्यायचा. सकाळी नऊला.

"सर, मोहाचे दिवस आहेत," मी म्हटलं. "सगळे पहाटेच फुलं वेचायला जातात, सकाळी गावात माणूस सापडणार नाही. चारला घेऊ."

"पाहुण्यांचं विमान आहे. जेवण ठेवलंय म्हणून सांगा, येतील लोक." मग चष्मा पुसत म्हणाले, "तुमच्या ऑर्डरचंही यानंतरच बघू."

म्हणजे संवाद लोकांचा आणि परीक्षा माझी. घरचं पत्र्याचं छप्पर माझ्याच पगारावर बदलायचं होतं, म्हणून मी वहीत सकाळी नऊच लिहून घेतलं.

मला आदल्या दिवशीच पाहुणे आणायला नागपूरला धाडलं आणि मांडामांड करायला केंद्राची मंडळी सकाळी लवकर गावात गेली. आमच्याकडे मोह गळायला लागायच्या आधी ज्याचं झाड असेल ते घर झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन लख्ख करतं. फुलं पडली की पाल्यात हरवू नयेत म्हणून. केंद्राच्या मंडळींना ही झाडलेली जागा दिसली.

मी गाडीतून उतरले तेव्हा सर खुशीत होते. "बघितलंत? लोकांनी आपल्यासाठी जागा झाडून ठेवली! याला म्हणतात उत्स्फूर्त सहभाग."

झाड आमचं होतं. बुंध्याला 'लोकसंवाद' लिहिलेला बॅनर बांधलेला. जमिनीवर आडवी-तिडवी पसरलेली भली मोठी हिरवी चटई, तिच्यावर खुर्च्या. मोह फुलतो तेव्हा त्याच्या अंगावर पान नसतं, म्हणजे सावलीच्या नावानं बोंब. पाहुणे कपाळावर हात धरून उन्हात बसले. गावातर्फे सरपंचभाऊ आणि त्यांना सोडायला आलेला मोटरसायकलवाला, एवढेच.

सरांनी माईक घेतला. विषय होता जंगल आणि लोकांचं जगणं. भाषण चालू असताना वरून फुलं पडत होती, टप्, टप्. एक फूल दिल्लीच्या एका बाईंच्या केसांत अडकलं, त्यांनी दचकून झटकलं.

तेवढ्यात दुसऱ्या झाडाखालचं वेचून माझी माय टोपली घेऊन आली. क्षणभर थांबली. मग खाली बसली आणि पहिल्या रांगेपासून वेचायला लागली.

"पाय उचला, भाऊ," ती एका पाहुण्याला म्हणाली. त्यांना मराठी येत नव्हतं, पण पाय उचलले. "तुमीबी बाई. बुटाखाली चार फुलं हायेत. चिखल करून राह्यले तुमी त्याचा."

मी लगबगीनं गेले. "माय, तू इथी काऊन आली?"

"माह्या झाडाखाली तू काऊन आली, ते सांग अगोदर."

सरांनी माईकवर हात ठेवला आणि मला जवळ बोलावलं. "या बाईंना जरा बाजूला घ्या. पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही."

"सर, ती माझी आई आहे. झाडही आमचंच आहे."

"अरे वा! मग तर तुमचं ऐकेलच ती."

मी आईकडे पाहिलं. ती खुर्चीखाली हात घालून चेपलेली फुलं उकरत होती. ऑर्डर डोळ्यांपुढे होती, पत्र्याचं छप्परही होतं. पण सरांच्या त्या 'अरे वा'नं माझं डोकं सणकलं. मी त्यांच्या हातातला माईक घेतला आणि मराठीत, मग इंग्रजीत सांगितलं, "सगळ्यांनी उठा. खुर्च्या बाजूला घ्या. ही आमच्या घरच्या कामाची जागा आहे."

सरांचा चेहरा पाहून माझी नोकरी गेली, हे सरपंचभाऊंनाही कळलं. पण पाहुणे मुकाट्यानं उठले. एक-दोघं तर वेचायलाच बसले आणि एकमेकांचे फोटो काढू लागले. आईनं त्यांनाच चटईचे कोपरे उचलायला लावले. सगळी फुलं घरंगळत मधोमध जमा झाली. ती ढिगाकडे पाहतच राहिली.

"हे बेस काम झालं," ती म्हणाली. "कंबर मोडाची गरज नाई."

ऑर्डर महिन्याभरानं आली, वर्षाचीच. त्याआधी अहवाल आला होता. मुखपृष्ठावर खुर्चीत पाय वर धरलेले पाहुणे आणि खाली माझी आई. आत लिहिलं होतं, की वेचणीत पाहुण्यांना सामील करून घेण्याची ही अभिनव पद्धत केंद्रप्रमुखांच्या कल्पनेतून साकारली. आईचं नाव कुठेच नव्हतं, माझंही नव्हतं. मी सरांना तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "अहो, संस्थेचं नाव झालं ना!"

पत्रे बदलले. चटई मात्र आईनं परत दिली नाही. दर मोसमात ती झाडाखाली पसरलेली असते. केंद्राच्या स्टोअरमधून अधूनमधून मला विचारणा होते, हिरवी चटई जमा झालेली नाही, ती कुठे आहे?

मी सांगते, उत्स्फूर्त सहभागात गेली.